मावशी बंद का पडते

मावशी तिसऱ्यांदा टोचन होऊन गॅरेजच्या दारात आली, तेव्हा शेजारच्या रंगाऱ्याने ब्रश डब्यात टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "आली बघा माहेरवाशीण!"

मावशी म्हणजे गाडी. गोल दिव्यांची, लांब नाकाची, रुंद मडगार्डांची जुनी गाडी. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंच्या वडिलांनी ती घेतली, वडील गेले, गाडी राहिली. बाईंनी तिला लेकीसारखं सांभाळलं होतं. एवढ्या थाटामाटाच्या गाडीला मॉडेलच्या नावाने हाक मारणं गॅरेजमध्ये कुणालाच जमलं नाही, म्हणून ती मावशी झाली.

रंगाऱ्याच्या बोलण्यावर कुणी हसलं नाही. धाकटीने टोचनाचा दोर सोडला, गुंडाळला आणि तिरक्या नजरेने दादाकडे पाहिलं. दादा खुर्चीत चहा पीत होता. कप बशीवर ठेवताना त्याचा डावा हात थरथरला आणि चिनीमातीचा किणकिण आवाज झाला. तो आवाज धाकटीने ऐकला, रंगाऱ्याने ऐकला, घरून डबा द्यायला आलेल्या दादाच्या बायकोने, वहिनीनेही ऐकला. हल्ली सगळं गॅरेज त्या एका हातावर डोळा ठेवून होतं.

धाकटी आता काही धाकटी राहिली नव्हती. केस पिकले होते, चष्मा लागला होता, पण दादाची बहीण म्हणून साऱ्या बाजारात ती धाकटीच. वडील गेले तेव्हा ती शाळेत होती. दादाने तिला शिकवलं, वाढवलं आणि लोक नाकं मुरडत असताना तिच्या हातात पाना दिला. इंजिनाबद्दल तिला जे काही कळत होतं, ते सगळं त्याच्याकडून आलेलं.

मावशीवर पैज लागली होती ती दादाच्या त्या हातामुळेच. वहिनीला वाटत होतं, आता दादाने काम थांबवावं आणि दोघांनी मुलाकडे जाऊन राहावं. मुलगा तर कधीपासून मागेच लागला होता. दादा ऐकेना. शेवटी मावशी दुसऱ्यांदा बंद पडली त्या दिवशी घरात मोठा वाद झाला आणि दादा हातातली भाकरी ताटात टाकून म्हणाला, "ही गाडी मला सुटली नाही, तर मी पाना खाली ठेवतो. पण सुटली, तर हा विषय पुन्हा या घरात काढायचा नाही. कबूल?"

"कबूल," वहिनी म्हणाली.

 दादा जिंकावा असं धाकटीला मनापासून वाटत होतं. दादा नसलेल्या गॅरेजचं शटर सकाळी एकटीने उघडायचं, ही कल्पनाच तिला सहन होत नव्हती.

मावशीचं दुखणं मोठं लबाड होतं. गॅरेजमध्ये उभी असली की तासभर घुमायची, एक ठसका नाही. रस्त्यावर काढली की सुरुवातीला लोण्यासारखी चालायची. मग हळूहळू अडखळायला लागायची, चढावर आचके द्यायची, ॲक्सिलरेटर दाबला की जास्तच गुदमरायची आणि भर रस्त्यात मान टाकायची. पहिल्या वेळी दादाने ठिणगीच्या जोडणीतला कंडेन्सर बदलला. गाडी चालू झाली. दुसऱ्या वेळी कार्बोरेटर उतरवून त्यातले पेट्रोल सोडणारे बारीक जेट फुंकून साफ केले. तेव्हाही चालू झाली. दर वेळी शेवटी ज्याला हात लागला, त्याच्या माथी दोष मारला गेला, आणि दर वेळी मावशी चार दिवसांनी पुन्हा दोराला बांधून परत आली.

"गरम झाली की पडते," दादा बॉनेट उघडत म्हणाला. "ठिणगी देणारी कॉइल असणार. गरम झाली की कॉइल दगा देते, थंड झाली की शहाण्यासारखी वागते. कंडेन्सर बदलला तेव्हाच हिच्याकडे बघायला हवं होतं."

"नवी लावू," धाकटी म्हणाली. "पण लावून लगेच द्यायची नाही. आधी पुलापर्यंत नेऊन आणू. परवा बाई म्हाताऱ्या आईला मागे बसवून घाट उतरणार आहेत."

"म्हणजे माझ्यावर भरवसा नाही."

"मावशीवर नाही."

दादा हसला. पण कॉइलचे स्क्रू पिळताना त्याचा हात स्थिर होता, हे धाकटीने पाहून ठेवलं. हातात हत्यार आलं की ती थरथर जायचीच. लोकांना हे कोण सांगणार! लोकांना कपबशीचा आवाज तेवढा ऐकू यायचा.

पेट्रोल तिने स्वतः भरलं. मावशीचा पेट्रोलचा काटा केव्हाच मेला होता, त्यामुळे टाकीत लाकडी पट्टी बुडवून बघायची पद्धत होती. दादाचा तर नियमच होता, "आधी पेट्रोल, मग अक्कल." तरुणपणी त्याने एका गाडीचं इंजिन अर्धं खोललं होतं आणि शेवटी टाकी रिकामी निघाली होती. तेव्हापासून कुठलीही गाडी कुठेही बंद पडो, दादा पहिल्यांदा मागे जाणार, झाकण काढणार, पट्टी बुडवणार आणि मगच बॉनेटकडे वळणार. धाकटीलाही तीच सवय लागली होती.

दादा गाडी चालवायला बसला, ती शेजारी. गाव मागे पडलं. मावशी गुणगुणत चालली होती. दादाने मोठ्या ऐटीत कोपर खिडकीबाहेर काढलं.

"ऐक," तो म्हणाला. "एक ठोका चुकतोय का?"

"नाही."

"मग? वहिनीला सांग, उद्या गोड कर म्हणावं."

चढ संपून पुलाकडचा उतार सुरू झाला, तिथे मावशीने पहिला आचका दिला.

अगदी बारीक आचका, बोलता बोलता एखाद्याने शब्द गिळावा तसा. धाकटी काचेतून समोर बघत राहिली. तिने दादाकडे पाहिलं नाही. दुसरा आचका आला. तिसरा आला, तो अख्ख्या गाडीला हिसका देऊनच. दादाने गिअर उतरवला, ॲक्सिलरेटर सोडला, पुन्हा हलकेच दाबला. मावशी दोनदा खोकली आणि गप्प झाली.

आता नुसती चाकं फिरत होती आणि वारा ऐकू येत होता.

"बाजूला घे," धाकटी म्हणाली.

"कुठे घेऊ?"

खरंच, कुठे घेणार? डावीकडे दरडीला बांधलेली दगडी भिंत, उजवीकडे कठडा. समोर एकेरी पूल आणि पुलावरून विटांनी भरलेला ट्रक वर यायला निघालेला. दादाने ब्रेक दाबला. मावशी पुलाच्या तोंडाशी, अरुंद रस्ता अडवून, नाक खाली करून उभी राहिली. ट्रकवाल्याने पुलावरच गाडी थांबवली आणि हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना. मागून एक बस वळणावरून आली आणि त्यांच्या डिकीच्या अगदी जवळ येऊन करकचून थांबली.

"हँडब्रेक ओढ," धाकटी म्हणाली.

"सैल आहे. केबलचं काम उद्या करणार होतो ना." दादाचा पाय पेडलवर रोवलेला होता. मावशीचं वजन काही थोडंथोडकं नव्हतं. "मला हलता यायचं नाही. तूच उतर. आधी मागे जाऊन—"

पण भिंत इतकी जवळ होती की तिच्या बाजूचं दार वीतभरच उघडलं. ती कशीबशी अंग चोरून बाहेर पडली. मागे टाकीच्या झाकणाशी उभं राहायला जागाच नव्हती, बसचं तोंड तिथे टेकल्यासारखं होतं. म्हणून ती पुढे गेली आणि तिने बॉनेट उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा ती टाकी न बघता इंजिनाकडे गेली.

हात भाजत होते. तिने प्लगची वायर काढून इंजिनाच्या अंगाजवळ धरली. "मार स्टार्टर!"

दादाने एका पायाने ब्रेक सांभाळत स्टार्टर मारला. वायरच्या टोकाला निळी, ठसठशीत ठिणगी उडाली. टिक, टिक, टिक.

"ठिणगी चांगली आहे!" ती ओरडली. "कॉइल नाही, दादा! कॉइलचा काही दोष नाही!"

मग तिने इंजिनाला पेट्रोल ओढून देणाऱ्या छोट्या पंपाकडे पाहिलं. पंपाच्या डोक्यावर काचेची छोटी वाटी असते, तिच्यातून पेट्रोल येताना दिसतं. वाटी कोरडी होती. तळाशी ओल तेवढी.

"वाटी रिकामी आहे!"

"टाकी बघ आधी!"

"सकाळी मीच पेट्रोल घातलंय!"

तेवढ्यात बसचा कंडक्टर भिंतीला पाठ घासत पुढे आला. "अहो बाई, कसली दुरुस्ती मांडलीय इथे? ढकला ती बाजूला!"

"ढकलली तर थेट ट्रकच्या नाकावर जाईल," धाकटी म्हणाली. "आत माझा भाऊ नुसत्या पायाच्या जोरावर गाडी धरून बसलाय. तुम्हाला घाई असेल तर आधी एक मोठा दगड आणा."

कंडक्टरने तिच्याकडे पाहिलं, मग आत दादाकडे पाहिलं. दादाच्या कपाळावरून घाम निथळत होता, मांडी लटलट कापत होती. कंडक्टर मागे गेला आणि दोन्ही हातांत न मावणारा दगड घेऊन आला. दोघांनी तो पुढच्या चाकाखाली सारला.

"सोड हळूच!"

दादाने पाय उचलला. मावशी बोटभर पुढे आली, दगडाला टेकली आणि थांबली. धाकटी पुन्हा बॉनेटखाली वाकली.

दादा उतरला तो थेट मागेच गेला. बसवाल्याने त्याच्यासाठी बस थोडी मागे घेतली. बॉनेटखाली वाकलेल्या धाकटीला झाकण फिरवल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ दीर्घ सूऽऽ असा आवाज आला. आणि तिच्या डोळ्यांसमोर ती कोरडी वाटी बुडबुड करत काठोकाठ भरली.

ती बघतच राहिली.

"आहे की पेट्रोल!" मागून दादा ओरडला. "अर्धी टाकी आहे!"

"झाकण लावू नकोस!" धाकटीचा आवाज चिरकला. "दादा, ते झाकण लावू नकोस!"

गाडी अर्ध्या हाकेत चालू झाली. टाकीच्या तोंडावर धाकटीचा रुमाल बांधून ते परत आले आणि वाटेत मावशीने एकदाही कुरकुर केली नाही. रस्ताभर दादा स्टेअरिंगवर तळहात आपटत हसत होता. आता सगळं लख्ख झालं होतं. टाकीतून पेट्रोल बाहेर पडतं, त्याच्या जागी हवा आत यायला हवी. झाकणाला त्यासाठी टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं. ते बुजलं की टाकी आतल्या आत ओढ घेते आणि पंपाला पेट्रोल मिळत नाही. दर वेळी गाडी बंद पडल्यावर दादाच आधी झाकण काढायचा आणि रोग स्वतःच्या हाताने पळवून लावायचा. मग कंडेन्सर काय, कार्बोरेटर काय, सगळेच गुणकारी ठरत.

डॉक्टरीणबाई गॅरेजमध्ये वाट बघत बसल्या होत्या. वहिनीही आली होती. दादाने तेलाचा एक डबा उचलला आणि बाईंना मोठ्या रंगात येऊन समजावलं. "डब्याला एकच भोक पाडलं तर तेल कसं गुटगुट करत अडतं? दुसरं भोक पाडलं की धार लागते. हे दुसरं भोक. या धाकटीला मी ती एवढीशी असताना हे शिकवलंय. विचारा तिला."

"हो," धाकटी म्हणाली. ती झाकण हातात घेऊन दारातल्या उजेडाकडे गेली होती.

भोक कचऱ्याने बुजलं नव्हतं. कुणीतरी ते आतल्या बाजूने सोल्डरने, वितळवलेल्या कथलाच्या थेंबाने, बंद केलं होतं. थेंब लहान, गोल आणि अजून चकचकीत. तो वितळलेला असताना फडक्याने एकाच फटक्यात पुसून घेतला होता, त्याची बारीक रेघ उजवीकडून डावीकडे न जाता उलटी गेली होती. या बाजारात डाव्या हाताने सोल्डर करणारा एकच माणूस होता.

मग तिला तो दिवस आठवला. टोचन व्हायच्या आधी मावशी एकदा आली होती ती फक्त पेट्रोलचा वास येतो म्हणून. झाकणाचं रबर बदलायचं होतं. धाकटीनेच ते झाकण काढून दादाच्या बाकावर ठेवलं होतं. दादा तेव्हा एका गळक्या रेडिएटरला सोल्डर करत होता. जन्मभर गळकी भोकं बुजवलेला माणूस. समोर पत्र्याला बारीक भोक दिसलं, त्याने ते बुजवलं.

पण दादा असं करणारच नाही. झाकणाचं भोक कशाला असतं हे दादा विसरूच शकत नाही. तो तर आत्ता, या क्षणी, बाईंना तेच शिकवत होता.

"बघू," दादा तिच्या हातातून झाकण घेत म्हणाला. त्याने ते उजेडात तिरपं धरलं आणि जिभेने टक् असा आवाज काढला. "कुणा गाढवाचं काम आहे कोण जाणे. पण गाढवाचा हात मात्र चांगला आहे हो! काय सुबक थेंब बसवलाय."

धाकटीने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. त्याला खरंच ठाऊक नव्हतं.

"म्हणजे पैज तुम्ही जिंकलात म्हणायची," वहिनी म्हणाली. तीही हसत होती. भांडणात हरल्याचा तिला आनंदच झाला होता, कारण नवरा असा हसताना तिने बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

"मग आता ब्रेकही तुम्हीच बघा, दादा," डॉक्टरीणबाई उठत म्हणाल्या. "हँडब्रेक सैल आहे म्हणालात ना? आईला घेऊन घाट उतरायचाय, मला दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही."

"उद्या सकाळी पहिलं काम तेच," दादा म्हणाला.

"ब्रेक मी करते," धाकटी म्हणाली.

"तू का? मी जिंकलोय."

"मी करते म्हटलं ना."

आवाज तिला नको होता तेवढा मोठा निघाला. बाईंनी चमकून पाहिलं, उद्या येते म्हणाल्या आणि गेल्या. वहिनी रिकामा डबा घेऊन त्यांच्यामागून निघाली. दादाच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं.

"तूही?" तो म्हणाला. "तूही माझा हातच बघत बसलीस का?"

"हाताचं नाही रे, दादा." तिला रडू यायला लागलं होतं आणि त्याचा तिला राग येत होता. बोलायचं नाही, असंही तिच्या मनात येऊन गेलं. कुणाला कळणार होतं? थेंब काढून टाकायचा, भोक मोकळं करायचं, संपलं. दादा खूश, वहिनी गप्प, शटर रोज उघडणार. पण म्हातारी मागे बसणार होती आणि घाट उतरणीचा होता. "हात तुझा उत्तम आहे. हे झाकण बघ. हे तूच बुजवलंयस."

"मी?" दादाचा आवाज चढला. "टाकीच्या झाकणाचं भोक मी बुजवीन? वेड लागलंय का तुला?"

"रबर बदलायला मीच तुझ्या बाकावर ठेवलं होतं. तू रेडिएटर करत होतास."

"मी नाही केलेलं!"

"मग कुणी केलं?"

दादाने चष्मा काढला. झाकण तळहातावर घेतलं आणि डोळे मिटून त्या थेंबावरून अंगठा फिरवला, एकदा, मग परत एकदा. पुसल्याची रेघ लागली तिथे अंगठा थांबला. आपलं काम तो डोळ्यांपेक्षा बोटांनी जास्त ओळखायचा. धाकटीला त्याच्या चेहऱ्याकडे बघवेना.

बाहेर रंगारी कुणाशी तरी हुज्जत घालत होता. दादाने झाकण पालथं करून पुन्हा सुलटं केलं. मग त्याने अगदी साध्या आवाजात विचारलं, "आणखी काय काय केलंय मी?"

"मला माहीत नाही," धाकटी म्हणाली. तेच खरं होतं.

दादाने झाकण बाकावर ठेवलं. खुर्ची ओढली, पण बसला नाही. "या महिन्यात माझ्या हाताखालून कुठल्या कुठल्या गाड्या गेल्या, आठवतंय तुला?"

"आठवतंय."

"मग लाव फोन. सगळ्यांना लाव. एकेक गाडी परत बोलाव आणि तू स्वतः बघ. मी नुसता शेजारी उभा राहीन. लाजायचं कारण नाही. बोलायचं मी बोलतो."

सगळ्या गाड्या धाकटीच्या डोळ्यांसमोरून गेल्या आणि एका गाडीपाशी तिचं मन थबकलं. तिने घड्याळाकडे पाहिलं. शाळा सुटायची वेळ होत आली होती. तिने नंबर लावला आणि फोन दादाच्या हातात दिला. आज तिचाच हात कापत होता, दादाचा नाही.

"मी गॅरेजमधून दादा बोलतोय," तो खणखणीत आवाजात म्हणाला. "व्हॅन कुठे आहे तुमची? शाळेच्या दारात? मुलं बसायची आहेत अजून? मग बसवू नका."

पलीकडच्या माणसाने कारण विचारलं.  दादाने फोनवर तळहात धरला, धाकटीकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "यांच्या गाडीचं काय केलं होतं मी?"

"ब्रेक," धाकटी म्हणाली.

दादाने तळहात काढला. "चावी काढून घ्या आणि गाडीपासून लांब उभे राहा," त्याने फोनमध्ये सांगितलं. "माझी बहीण निघालीय."